हिरव्या चॅनलमध्ये लायसोसोम आले कुठून? एका मायटोफॅजी प्रयोगाची चिरफाड

"ताई, हे पिवळे ठिपके मोजायचे कसे, फिजीमध्ये तयार मॅक्रो आहे का?" (फिजी म्हणजे मायक्रोस्कोपचे फोटो मोजायचं सॉफ्टवेअर) असं विचारत आमचा एक पीएचडीवाला पेनड्राइव्ह घेऊन आला आणि तिथून हे प्रकरण सुरू झालं. मी मायक्रोस्कोप फॅसिलिटी सांभाळते, म्हणजे लेझर चालू आहे ना बघणं, स्लॉट बुकिंगवरून होणारी भांडणं सोडवणं आणि लेन्सला तेल तसंच ठेवून पळालेल्यांना शोधून ओरडणं. मोजायच्या आधी फोटो बघू म्हटलं, आणि बघितले तर खरंच देखणे होते, काळ्या बॅकग्राउंडवर हिरवं-लाल आणि मध्ये मध्ये हळदीसारखे पिवळे ठिपके, पोस्टरवर लावावेत असे. (लावलेही होते जवळजवळ, ते पुढे येईल.)

आधी प्रयोग काय होता ते सांगते. हीला सेल्स, म्हणजे लॅबमध्ये सर्रास वाढवतात त्या माणसाच्या कॅन्सरच्या सेल्स, काचेच्या तळाच्या डिशमध्ये वाढवलेल्या, त्यात दोन डाय, मायटोकॉन्ड्रियासाठी (सेलचं वीजघर) मायटोट्रॅकर ग्रीन आणि लायसोसोमसाठी (सेलमधली कचरा पचवणारी ॲसिडची पिशवी) लायसोट्रॅकर रेड. बघायची होती मायटोफॅजी, म्हणजे बिघडलेलं मायटोकॉन्ड्रिया सेल स्वतःच गुंडाळून लायसोसोममध्ये टाकते आणि पचवून मोकळी होते ती भानगड. हिरवं आणि लाल एकाच जागी आलं की पिवळं दिसणार, पिवळं दिसलं की मायटोकॉन्ड्रिया लायसोसोमच्या पोटात गेलं, असा सरळ हिशोब. डिश तीन प्रकारच्या, एकीत नुसता डीएमएसओ, म्हणजे कंपाउंड विरघळवायचं सॉल्व्हंट, दुसरीत सीसीसीपी, हे मायटोकॉन्ड्रियाचं पोटेन्शियल (पडद्यावरचा व्होल्टेज) पाडणारं केमिकल, म्हणून पॉझिटिव्ह कंट्रोल, जिथे परिणाम दिसायलाच हवा अशी डिश, आणि तिसरीत शेजारच्या केमिस्ट्रीच्या लॅबने बनवलेला एक नवा कंपाउंड, ज्याच्यावर त्याचा अख्खा थीसिस चॅप्टर टांगलेला. डीएमएसओत पिवळं जवळजवळ नाही, सीसीसीपीत भरपूर, कंपाउंडमध्ये सीसीसीपीच्या खालोखाल. गाइड खूश, पोरगा त्याहून खूश.

आता हे डाय सेलमध्ये काय करतात ते थोडं बघायला लागेल, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. लायसोट्रॅकरच्या रेणूला एक अमाइनची शेपटी असते, तो कमकुवत बेस आहे. बाहेर पीएच सातच्या आसपास असताना त्याचा थोडा हिस्सा बिनचार्जचा असतो आणि पडद्यातून आरामात आत शिरतो, पण लायसोसोमच्या आत पीएच ४.५ ते ५, तिथे त्याला प्रोटॉन चिकटतो, चार्ज येतो आणि मग पडदा ओलांडून परत येता येत नाही. अभिमन्यूसारखं, आत जायचं माहीत आहे, बाहेर यायचं नाही. सायटोसॉल ७.२ आणि लायसोसोम ४.७ धरला तर फरक अडीच युनिटचा, म्हणजे कागदावर तरी तीनशे पट डाय तिथे साठतो. मायटोकॉन्ड्रियाच्या डायचा खेळ वेगळा, तिथे आतल्या पडद्यावर १५० ते १८० मिलिव्होल्टचं पोटेन्शियल असतं, आतली बाजू निगेटिव्ह, त्यामुळे पॉझिटिव्ह चार्जचे डाय तिकडे ओढले जातात, साधारण ६० मिलिव्होल्टला दहापट या दराने. लॅन बो चेन यांच्या ग्रुपने १९८० मध्ये ऱ्होडामीन १२३ वापरून जिवंत सेलमधले मायटोकॉन्ड्रिया दाखवले ते याच ओढीवर. मायटोट्रॅकर ग्रीनला वरून क्लोरोमिथाइल ग्रुप लावलेला आहे, तो प्रोटीनच्या थायॉलला (सल्फरवाल्या ग्रुपला) जाऊन धरतो, म्हणून नंतर पोटेन्शियल पडलं तरी बराचसा डाय जागेवर राहतो. सीसीसीपीच्या प्रयोगात तोच का घेतला याचं कारण हे, आणि निवड चुकीची नव्हती, पोराने अभ्यास केला होता.

म्हणजे खरं बघितलं तर ऑर्गनेल (सेलच्या आतला अवयव, लायसोसोमसारखा) आपल्याला दिसतच नाही, डाय कुठे अडकला ते दिसतं. हे वाक्य मी दर वर्षी ट्रेनिंगमध्ये सांगते आणि दर वर्षी पोरं मान डोलावतात. मीही डोलावते.

बरं, मग खटकलं कुठे? फोटोत नाही खटकलं. मी अगदी सहज विचारलं की सेल्स कुठल्या, तर म्हणाला साध्या हीला, लॅबमधल्याच. मग पार्किन कुठून आला? २००८ मध्ये रिचर्ड यूल यांच्या लॅबने दाखवलं होतं की सीसीसीपी दिल्यावर पार्किन नावाचं प्रोटीन बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियावर जाऊन बसतं आणि मग त्यांची विल्हेवाट लागते, पण हीलामध्ये स्वतःचा पार्किन जवळजवळ नसतोच, बाहेरून घालावा लागतो, आणि याच कारणासाठी हीला या कामात इतक्या वापरतात, पार्किन घातलेल्या आणि न घातलेल्या अशी तुलना फुकटात मिळते. ज्याने घातलेलाच नाही त्याच्या डिशमध्ये सीसीसीपीने एवढी धो धो मायटोफॅजी व्हायला नको. पोरगा म्हणाला, "ताई, दुसरा पाथवे असेल." असूही शकतो, पार्किनशिवायचे रस्ते आहेत, पण आपली पॉझिटिव्ह कंट्रोल अपेक्षेपेक्षा चांगली चालली तर मला आनंदापेक्षा भीती जास्त वाटते.

माझा पहिला अंदाज नेहमीचाच, ब्लीडथ्रू. हिरव्याचा उजेड लाल चॅनलमध्ये किंवा उलट सांडतोय. त्याने लगेच फोल्डर उघडून दाखवलं, नुसता लायसोट्रॅकर रेड लावलेली डिश, हिरवा चॅनल काळाकुट्ट, नुसता मायटोट्रॅकर ग्रीन लावलेली डिश, लाल चॅनल काळाकुट्ट. म्हणजे सिंगल स्टेन कंट्रोल केला होता, नीट केला होता, तेच सेटिंग ठेवून. मी गप्प बसले. दुसरा अंदाज, वर-खाली असलेल्या गोष्टी एकावर एक दिसतायत, कारण कॉन्फोकलला (आमचा लेझरने स्कॅन करणारा मायक्रोस्कोप) आडवं दोनशे-अडीचशे नॅनोमीटरपर्यंत वेगळं करता येतं पण उभ्या दिशेला अर्धा मायक्रॉन किंवा जास्तच लागतो, आणि लायसोसोम स्वतःच तेवढ्या साइजचे. पण त्याच्या झी स्टॅकमध्ये, म्हणजे वरून खाली एकेक थराचे घेतलेल्या फोटोंमध्ये, हिरवा आणि लाल ठिपका त्याच स्लाइसमध्ये सुरू होऊन त्याच स्लाइसमध्ये संपत होता. एकावर एक नव्हते, एकच होते. तिसरा अंदाज डाय जास्त वेळ ठेवल्याचा, कारण लायसोट्रॅकर बराच वेळ राहिला तर स्वतःच लायसोसोमचा पीएच वर सरकवतो, पण त्याने लाल फिका पडेल, हिरवा का येईल? तिन्ही अंदाज फुकट गेले. चहा प्यायला गेलो.

पुढच्या स्लॉटला मी त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि काही न बोलता बघत राहिले. माझं मत असं आहे की फोटो बघून ट्रबलशूटिंग करण्यात अर्धा दिवस घालवण्यापेक्षा माणसाचे हात बघावेत. पोराने डिश ठेवली, आयपीसला डोळे लावले, लाल फिल्टर लावला, लॅम्पचं शटर उघडलं आणि जॉयस्टिकने फिरायला लागला. लाल फिल्टर का, तर लायसोट्रॅकर भन्नाट चमकतो, सेल्स पटकन सापडतात आणि फोकसही मिळतो. एक फील्ड बघितलं, आवडलं नाही, दुसरं, तिसरं, मग परत पहिल्यावर, मग फोकस वर-खाली, मग मोबाइल वाजला, तो कट केला, शटर उघडंच. आमच्याकडे मर्क्युरी लॅम्प आहे, तो एकदा बंद केला की थंड व्हायला अर्धा तास द्यावा लागतो म्हणून मीच सगळ्यांना बजावून ठेवलंय की लॅम्प बंद करायचा नाही, आणि त्याचा पोरांनी सोयीस्कर अर्थ असा काढलाय की शटरही बंद करायचं नाही. मर्क्युरीच्या स्पेक्ट्रममध्ये ५४६ आणि ५७७-५७९ नॅनोमीटरला जोरदार रेषा असतात. लायसोट्रॅकर रेडचा एक्सायटेशनचा शिखर बिंदू ५७७. म्हणजे डायच्या बरोब्बर वर्मी उजेड, तोही लेझरसारखा क्षणभर एका ठिपक्यावर नाही तर अख्ख्या फील्डवर, सलग, सगळ्या जाडीतून.

मी म्हटलं, थांब, मायटोट्रॅकर न लावलेली डिश आण.

नुसता लायसोट्रॅकर रेड असलेली ताजी डिश. आधी लॅम्प न लावता, साध्या पांढऱ्या उजेडात फोकस करून, ४८८ च्या लेझरने हिरवा चॅनल स्कॅन केला, काळा. मग लॅम्पच्या वाटेतला फील्ड डायफ्रॅम बंद करत करत आणला, म्हणजे उजेड फील्डच्या फक्त मधल्या एका गोलात पडेल, बाकी सेल्स अंधारात. शटर उघडून दोन मिनिटं तसंच ठेवलं. मग लॅम्प बंद म्हणजे शटर बंद, आणि झूम कमी करून परत हिरवा चॅनल.

स्क्रीनवर मधोमध एक गोल उमटला. गोलाच्या आत प्रत्येक सेलमध्ये हिरवे ठिपके, बाहेर काहीच नाही, आणि एक सेल अशी की गोलाची कड तिच्या मधून गेलेली, तिच्या अर्ध्या अंगात ठिपके हिरवे आणि उरलेलं अर्ध अंग कोरडं. घड्याळ काढल्यावर मनगटावर उन्हाचा पट्टा दिसतो ना, तसं. डिशमध्ये हिरवा डाय टाकलेलाच नव्हता. लाल डायच उजेडाने बदलून हिरवा झाला होता. पोरगा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "ताई, हे फक्त आपल्या मशीनवर होतं का?"

फक्त आपल्याच मशीनवर नाही होत. २००७ मध्ये फ्रॉइंट, चपिगा आणि लेनार्डो यांनी सेल रिसर्चमध्ये छोटासा पेपर छापलाय, शीर्षकातच सांगून टाकलंय की लायसोट्रॅकर रेड उजेडाने बदलून हिरवा चमकणारा रेणू तयार होतो, आणि हिरव्या प्रोबबरोबर तो वापरला तर खोटं कोलोकलायझेशन, म्हणजे दोन रंग एकाच जागी असल्याचा भास, दिसू शकतं. तेव्हापासून हे माहीत आहे. मलाही माहीत असायला हवं होतं, कधीतरी वाचलंही असेन, पण समोर सुंदर फोटो आणि स्वच्छ कंट्रोल असताना आठवलं नाही ते नाहीच. असले डाय आणखीही आहेत, सगळ्यांच्या घरातले होक्स्ट आणि डॅपी, न्यूक्लियस रंगवणारे, यूव्ही खाल्ल्यावर त्यांचेही हिरवे-लाल अवतार निघतात, त्यामुळे न्यूक्लियस आधी यूव्हीत शोधून मग हिरवा चॅनल घेणाऱ्यांनी आपापली डिश एकदा तपासावी.

पण मला जास्त इंटरेस्टिंग वाटलं ते वेगळंच. उजेड तर तिन्ही डिशवर पडला असणार, मग डीएमएसओत पिवळं का नाही आणि सीसीसीपीतच का? आम्ही दोघांनी बसून त्याचा एकेक स्लॉट आठवून काढला. डीएमएसओच्या डिशमध्ये सेल्स गच्च आणि मस्त पसरलेल्या, पहिलंच फील्ड आवडायचं, शटर उघडलं, बघितलं, स्कॅन. सीसीसीपीच्या डिशमध्ये निम्म्या सेल्स गोळा होऊन सुटलेल्या, त्यामुळे चांगली सेल शोधत तो पाच-पाच मिनिटं हिंडायचा आणि शेवटी बऱ्याचदा फिरून आधी बघितलेल्याच फील्डवर यायचा. कंपाउंडही सेल्सना थोडा मानवत नव्हता, तिथे मधला वेळ. म्हणजे ट्रीटमेंट जितकी कडक तितका शोध लांब, शोध जितका लांब तितका उजेड, उजेड तितकं पिवळं. डोस रिस्पॉन्स अगदी सुरेख होता, फक्त डोस कंपाउंडचा नव्हता, लॅम्पचा होता!

वर आणखी एक गंमत. डीएमएसओच्या सेलमध्ये मायटोकॉन्ड्रिया लांब दोऱ्यांसारखे असतात, शेवयांसारखे म्हणा, तिथे एकदम गोल हिरवा ठिपका आला तर डोळ्यात खुपेल. सीसीसीपीने पोटेन्शियल पडलं की ते दोरे तुटून त्यांचेच गोल तुकडे होतात. म्हणजे खोटे हिरवे ठिपके नेमके त्याच डिशमध्ये येत होते जिथे खरे हिरवे ठिपकेही गोलच होते. चोर वरातीत घुसला, आणि वरातीत सगळ्यांचे फेटे सारखेच. मी तरी नुसत्या डोळ्याने वेगळे करू शकले नसते, आणि कोणी म्हणत असेल की केले असते तर त्याने आधी आमचे फोटो बघावेत.

आणि तो काळाकुट्ट सिंगल स्टेन कंट्रोल? तोही खराच होता. त्यात फोटो पेपरात छापायचा नव्हता, म्हणून चांगली सेल शोधायची गरज नव्हती, म्हणून डिश ठेवली, जे समोर आलं ते टिपलं, दहा सेकंदांत मोकळा. लेझरचं सेटिंग सेम होतं, गेन सेम, पिनहोल सेम, फक्त उजेड मिळाला नव्हता. कंट्रोल म्हणजे सॉफ्टवेअरमधले आकडे सारखे ठेवणं अशी आपली समजूत असते, मीही तसंच शिकवत होते. आता सांगते की सिंगल स्टेनची डिशही आयपीसखाली तेवढाच वेळ हिंडवा जेवढा वेळ खरी हिंडवता, आणि मग हिरवा चॅनल बघा. पोरं वैतागतात, वैतागू देत.

मग पुढे काय केलं. पहिली गोष्ट, शोधाशोध फक्त ट्रान्समिटेड लाइटमध्ये, लॅम्पला हात लावायचा नाही. दुसरी, स्कॅनचा क्रम बदलला, आधी पूर्ण हिरवी फ्रेम आणि मगच लाल, कारण ५६१ चा लेझरही जोर वाढवून सतत मारत राहिलं तर हाच उद्योग थोडा थोडा करतो, टाइमलॅप्सवाल्यांनी लक्षात ठेवावं. तिसरी, डायच बदलला. पोराचा पहिला विचार रंगांची अदलाबदल करायचा होता, म्हणजे लायसोट्रॅकर ग्रीन आणि मायटोट्रॅकर रेड, पण तो लाल मायटोट्रॅकर आत शिरायला पोटेन्शियलवर बराच अवलंबून असतो आणि सीसीसीपी पोटेन्शियलच पाडतं, म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. मायटोट्रॅकर ग्रीनही त्याबाबत अगदी सोवळा नाही, म्हणून तो ट्रीटमेंटच्या आधीच लावून घ्यायचा, हे त्याने काही डिशमध्ये उलटं केलं होतं, तेही सुधारलं. शेवटी मायटोट्रॅकर ग्रीन तसाच ठेवून लायसोसोमसाठी लायसोट्रॅकर डीप रेड घेतला, ६४७ ला एक्साइट होतो, ६६८ ला चमकतो. त्याचा एक अनपेक्षित फायदा असा की तो आयपीसमधून डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर कोणी सेल्स शोधत बसूच शकत नाही. वाईट सवय मोडायचा हा उपाय मला फार आवडला.

नव्या पद्धतीने तिन्ही डिश परत लावल्या, यावेळी कुठली डिश कुठली ते फोटो काढणाऱ्याला, म्हणजे त्याला, मी सांगितलं नाही. साध्या हीलामध्ये सीसीसीपीचं पिवळं जवळपास गेलं. कंपाउंडचंही.

तरी गाइडचं म्हणणं, आणि ते रास्तच होतं, की दोन डाय एकमेकांवर बघून मायटोफॅजी ठरवणं हेच मुळात तकलादू आहे, आता प्रोटीनचा प्रोब घ्या. म्हणून मायटो-कीमा आणला. हा मियावाकी यांच्या ग्रुपने आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवला, कोरलपासून आलेलं कीमा नावाचं प्रोटीन मायटोकॉन्ड्रियात पाठवायचं, ते चमकतं ६२० लाच, पण न्यूट्रल पीएचला ४४० नॅनोमीटरने उठतं आणि ॲसिडमध्ये ५८६ ने, शिवाय लायसोसोममधले एन्झाइम त्याला सहज पचवू शकत नाहीत. म्हणजे मायटोकॉन्ड्रिया लायसोसोमच्या आत खरंच पोचलं की नाही ते एकाच प्रोटीनच्या दोन एक्सायटेशनच्या रेशोवरून कळतं, दुसऱ्या डायची भानगडच नाही. आमच्याकडे ४५८ आणि ५६१ चे लेझर होते, त्यावर भागतं. एकच पथ्य, सेल्स फिक्स करायच्या (केमिकलने मारून जागच्या जागी पक्क्या करायच्या) नाहीत, फिक्स केल्या की पीएचचा फरक जातो आणि सिग्नल वाहून जातो, जिवंतच बघायला लागतात, म्हणजे ३७ डिग्री आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा डबा चालू ठेवून, आणि त्या डब्याचा सिलिंडर बरोब्बर शनिवारी संध्याकाळी संपतो.

निकाल असा आला. पार्किन घातलेल्या हीला, सीसीसीपी दिलं, रेशो मस्त वर गेला, पुस्तकात लिहिल्यासारखा. साध्या हीला, सीसीसीपी, फारसं काही नाही. कंपाउंड, दोन्हीकडे, डीएमएसओच्या बरोबरीने. सेल्सना तो मानवत नाही हे खरं, मायटोकॉन्ड्रियाचे तुकडे होतात हेही खरं, पण मायटोफॅजी नाही. केमिस्ट्रीवाल्यांना सांगायचं काम पोराने माझ्यावर ढकललं, मी ते गाइडवर ढकललं.

पोस्टरचं ॲबस्ट्रॅक्ट एका कॉन्फरन्सला गेलेलं होतं, ते मागे घेतलं. गाइड दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी लॅब मीटिंगमध्ये त्यांनी तो अर्ध्या हिरव्या सेलचा फोटो स्वतः लावला आणि अर्धा तास त्यावरच बोलले, हे मला आवडलं. जुन्या डेटातलं काय वाचवता येईल म्हणून आम्ही सगळ्या फाइल्सचा मेटाडेटा काढून बघितला, त्यात लेझरची टक्केवारी आहे, गेन आहे, पिनहोल आहे, तारीख-वेळ आहे, फक्त लॅम्पचं शटर किती वेळ उघडं होतं ते कुठेच नाही, कारण आमचं सॉफ्टवेअर ते लिहूनच ठेवत नाही. त्यामुळे कुठला फोटो स्वच्छ आणि कुठला नाही ते आता ठरवता येत नाही, आठ महिन्यांचं काम एका फोल्डरमध्ये टाकून ठेवलंय. पोराने त्या फोल्डरला नाव दिलंय, "ऊन लागलेले". शटरवर मी लाल मार्करने चिठ्ठी चिकटवली होती, ती परवा कोणीतरी काढून तिच्या मागे डायल्यूशनचा हिशोब केलेला सापडला.